पहिली लिपी, दुसरी लिपी आणि फाइलींची नावे

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाने महाविद्यालयाच्या संकेतस्थळासाठी एक पान तयार केले. भित्तिपत्रकातले निवडक लेख आणि कविसंमेलनाची काही छायाचित्रे, एवढाच ऐवज. विभागातल्या विंडोज संगणकावर पान ठाकठीक दिसत होते. सर्व्हरवर चढवले आणि लेख तेवढे शिल्लक राहिले. छायाचित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी आल्या. छायाचित्रे तिथेच होती, नावेही तीच होती. निदान आम्हांला ती तीच वाटत होती. संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने दोन मिनिटांत दोष दाखवला. कॅमेऱ्याने प्रत्येक नावाच्या शेवटची ‘जेपीजी’ ही तीन अक्षरे मोठ्या लिपीत लिहिली होती, आम्ही पानात ती लहान लिहिली होती. विंडोजच्या लेखी दोन्ही एकच. सर्व्हरवरच्या लिनक्सच्या लेखी ती दोन निरनिराळी नावे, आणि दुसऱ्या नावाची फाइल तिथे नव्हतीच.

पान दुरुस्त झाले, पण प्रश्न मनात राहिला. ‘तेच नाव’ म्हणजे काय? पाठचिकित्सेच्या तासाला हा प्रश्न आम्ही वेगळ्या शब्दांत नेहमीच विचारतो. एका पोथीत ह्रस्व, दुसरीत दीर्घ. एकीत अनुस्वार, दुसरीत नाही. यांतला पाठभेद कोणता आणि नुसता लेखनभेद कोणता, हे संपादकाला ठरवावे लागते. इंग्रजी ग्रंथसंपादनात डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी १९५० च्या सुमारास याच अंगाने अर्थावर परिणाम करणारे भेद आणि केवळ बाह्य रूपाचे भेद अशी विभागणी मांडली, आणि मोठी-लहान अक्षरे दुसऱ्या वर्गात टाकली. संगणकांच्या जगात याच विभागणीवरून गेली पन्नास वर्षे वाद चालू आहे आणि तो अद्याप मिटलेला नाही. त्याचा इतिहास येथे सांगायचा आहे. त्यात मराठीचा संबंध कोठे येतो, हे पुढे येईलच.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत आले, आणि आले ते चार लिप्यांनी. पहिली लिपी मोठी, दुसरी लहान, तिसरी-चौथी वळणाची. ज्याची मातृभाषा देवनागरीत लिहिली जाते त्या मुलाला एकाच अक्षराला दोन तोंडे का असावीत, हे कोडेच असते. त्याचे उत्तर शिक्षकांनी दिले नाही. इतिहास मात्र देतो. ही दोन तोंडे मुळात दोन काळांची. मोठी अक्षरे रोमन शिलालेखांतली. लहान अक्षरे लेखणीने झरझर लिहिताना घडत गेलेली आणि आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनच्या राज्यात प्रमाणरूप मिळालेली. एकाच वाक्यात दोन्ही नांदू लागली ती पुढे. छापखाना आल्यावर जुळाऱ्यापुढे खिळ्यांच्या दोन पेट्या मांडल्या जात, वरच्या पेटीत मोठी अक्षरे, खालच्या पेटीत लहान. इंग्रजीत या अक्षरांना वरच्या पेटीची आणि खालच्या पेटीची अक्षरे म्हणतात ते यावरून. देवनागरीचा जुळारी या दोन पेट्यांत भागवू शकत नसे. जोडाक्षरे, काने-मात्रा यांनी त्याच्याभोवती पेट्यांचा वेढाच पडलेला असे. पण वरची-खालची अशी उच्चनीचता त्याच्या अक्षरांत नव्हती.

तारायंत्राने ही दोन तोंडे पुन्हा एक केली. तारेवरून अक्षर पाठवायचे तर प्रत्येक अक्षरासाठी ठरावीक स्पंदने लागतात. पाच स्पंदनांत बत्तीस खुणा बसतात, आणि सव्वीस अक्षरे भरली की लहान अक्षरांना जागा उरत नाही. म्हणून तार सगळी एकाच लिपीत. संगणकाने दूरमुद्रकच उसने घेतले आणि त्यांच्याबरोबर ही सवयही घेतली. १९६३ साली ‘ॲस्की’ हा अमेरिकी संकेत प्रसिद्ध झाला, त्यात लहान अक्षरे नव्हती. ती १९६७ च्या आवृत्तीत आली. त्यांची मांडणी मात्र मोठ्या हुशारीने केलेली होती. मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, लहान ‘ए’चा ९७, प्रत्येक जोडीत बरोबर ३२ चे अंतर, म्हणजे द्विमान पद्धतीत एकाच अंकाचा फरक. तो एक अंक पुसला की लहान अक्षर मोठे होते. मोठ्या-लहानाचा भेद न मानणे इतके स्वस्त पडावे, याचा पुढच्या इतिहासावर फार परिणाम झाला असे आम्हांस वाटते. इंग्रजीपुरते ते स्वस्त होते. इतर भाषांचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हता.

फाइलींच्या नावांचा प्रश्न याच सुमारास उभा राहिला. स्मृती महाग होती. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या काही यंत्रांत नाव साठवण्याची एक युक्ती होती: सव्वीस अक्षरे, दहा अंक, मोकळी जागा आणि दोन-तीन चिन्हे मिळून चाळीस खुणा धरायच्या. चाळीसचा घन चौसष्ट हजार. तो सोळा अंकांच्या एका शब्दात मावतो, म्हणजे एका शब्दात तीन अक्षरे बसतात. सहा अक्षरांचे नाव आणि तीन अक्षरांचे उपपद तीन शब्दांत आटोपते. येथे लहान अक्षरे वगळण्यामागे कोणते तत्त्व नव्हते. सव्वीस खुणा वाढवल्या असत्या तर गणित कोलमडले असते.

या वातावरणात वाढलेल्या गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये ‘सीपी/एम’ ही कार्यप्रणाली लिहिली. तिच्यात नावाला आठ अक्षरे आणि उपपदाला तीन. वापरणाऱ्याने काहीही टंकले तरी आज्ञा वाचणारा भाग ते मोठ्या लिपीत बदलून घेई. गंमत अशी की हा बदल दारावरचा पहारेकरी करत असे, आतली कोठी नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमधून लहान अक्षरांतली फाइल बनवता येत असे. मग ती यादीत दिसे, पण पुसता येत नसे, कारण पुसण्याची आज्ञा देताच तिचे नाव मोठ्या लिपीत जाई आणि त्या नावाची फाइल सापडत नसे. आमच्या रिकाम्या चौकटींची ही थोरली बहीण म्हणायची.

सीपी/एमचा हा आठ-तीनचा साचा १९८० साली टिम पॅटरसन यांच्या कार्यप्रणालीत आला, तेथून १९८१ मध्ये एमएस-डॉसमध्ये, आणि डॉसबरोबर जगभर. १९९८ साली जपानमध्ये डिजिटल कॅमेऱ्यांसाठी फाइलींचे नियम ठरले, तेव्हाही हाच साचा धरला गेला: आठ आणि तीन, मोठी अक्षरे. आमच्या छायाचित्रांची नावे मोठ्या लिपीत का होती, त्याचे उत्तर असे चोवीस वर्षे मागे जाते.

दुसरी परंपरा बेल प्रयोगशाळेतली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स घडवली. लहान अक्षरे छापणारे दूरमुद्रक हाती येताच त्यांनी सगळे लहान लिपीतच लिहायला सुरुवात केली. आज्ञा लहान, नावे लहान, सगळेच कसे पुटपुटल्यासारखे. मोठी अक्षरेच असलेल्या जुन्या यंत्रावरून कोणी आले तर युनिक्स त्याचे नाव पाहून ओळखत असे, आणि त्यापुढे त्याने लिहिलेले सारे लहान लिपीत वाचून घेत असे. पण फाइलीच्या नावाबाबत तिची भूमिका कमालीची अलिप्त होती. नाव म्हणजे अंकांची एक ओळ. त्यात तिरपी रेघ नको आणि शून्य नको. बाकी काय लिहिले आहे, ती अक्षरे आहेत की नाहीत, याच्याशी कार्यप्रणालीला कर्तव्य नाही. दोन ओळी अंकशः जुळल्या तर नाव तेच, नाहीतर वेगळे. हे उदार धोरण म्हणावे की कोडगेपणा, यावर मतभेद होऊ शकतात. आम्ही सुरुवातीला ते कोडगेपण समजत होतो.

ॲपलने तिसरी वाट काढली. १९८५ च्या मॅकिंटॉशमध्ये नाव एकतीस अक्षरांपर्यंत, वापरणाऱ्याने जसे लिहिले तसेच जपले जाई. मात्र शोधताना मोठ्या-लहानाचा भेद पाहिला जात नसे. माणसांच्या व्यवहाराला हे सर्वांत जवळचे. पत्रिकेवर नाव कसे छापले यावरून आपण माणूस वेगळा मानत नाही. पुढे १९९५ मध्ये विंडोजनेही हेच धोरण घेतले. तेव्हा जुन्या डॉसच्या आज्ञावल्या बिघडू नयेत म्हणून केलेली कसरत पाहण्यासारखी आहे. लांब नाव तेरा-तेरा अक्षरांच्या तुकड्यांत कापून सूचीच्या जादा नोंदींत ठेवले जाई, आणि त्या नोंदींवर अशा विचित्र खुणांचा शिक्का असे की जुन्या आज्ञावल्या त्यांच्याकडे दुर्लक्ष करत. त्यांच्यासाठी जुन्या साच्यातले, मोठ्या लिपीतले, मध्येच नागमोडी चिन्ह असलेले एक टोपणनाव वेगळे ठेवलेले असे.

१९९३ च्या विंडोज एनटीची गोष्ट आणखी मासलेवाईक आहे. तिची फाइलपद्धती मोठे-लहान भेद मानू शकते. कारण अमेरिकी सरकारच्या खरेदीच्या नियमांसाठी युनिक्ससारखे वागण्याची सोय तिच्यात ठेवावी लागली. पण नेहमीच्या व्यवहारात हा भेद दडपला जातो. त्यासाठी प्रत्येक चकतीवर एक तक्ता कोरलेला असतो: ६५,५३६ खुणा आणि प्रत्येकीचे मोठे रूप. तक्ता चकती सजवताना लिहिला जातो आणि पुढे बदलत नाही. म्हणजे कोणते अक्षर कोणाचे मोठे रूप, हे त्या चकतीच्या जन्माच्या दिवशी ठरते.

तक्ता लागला, कारण आता गाठ इंग्रजीशीच नव्हती. १९२८ साली स्वीकारलेल्या तुर्की वर्णमालेत टिंबाचा ‘आय’ आणि बिनटिंबाचा ‘आय’ ही दोन वेगळी अक्षरे आहेत, दोघांनाही मोठे-लहान रूप आहे. त्यामुळे मोठ्या बिनटिंबाच्या ‘आय’चे लहान रूप इस्तंबूलमध्ये एक आणि लंडनमध्ये दुसरे. जर्मनमधल्या एका ‘स’ला मोठे रूपच नव्हते, मोठ्या लिपीत त्याचे दोन ‘एस’ होत. त्याला स्वतंत्र मोठे रूप युनिकोडमध्ये २००८ साली मिळाले आणि जर्मन लेखननियमांत २०१७ साली. ग्रीक सिग्माची लहान रूपे दोन, शब्दाच्या शेवटी एक आणि इतरत्र दुसरे. एक अंक पुसण्याची जुनी युक्ती येथे साफ निकामी ठरते. मग युनिकोडने सर्व भेद मिटवून तुलना करण्यासाठी एक प्रमाण घडी ठरवून दिली. पण तीही तुर्कस्तानला अपवाद करूनच.

या वेगवेगळ्या घरांत ये-जा सुरू झाली तेव्हा खरी पंचाईत झाली. १९९२ साली अँड्र्यू ट्रिजेल यांनी ‘सांबा’ लिहायला घेतली. युनिक्सवरच्या फाइली विंडोजला विंडोजच्याच असल्यासारख्या दाखवणे, हे तिचे काम. विंडोजने एखादे नाव मागितले आणि ते अंकशः सापडले नाही, तर सांबाला अख्खी सूची वाचून प्रत्येक नाव लहान-मोठे करून जुळवून पाहावे लागे. नावाची फाइल मुळात नाहीच, हे सिद्ध करण्यासाठीसुद्धा शेवटपर्यंत वाचणे आले. हजारो फाइलींच्या सूचीत हा भुर्दंड मोठा होई.

उलट बाजूची अडचण लिनक्सच्या स्वतःच्या मूळ आज्ञावलीत आहे. तिच्या जाळे-संरक्षणाच्या भागात काही फाइलींच्या जोड्या अशा, की नाव तेच, फक्त एकीत शेवटची अक्षरे मोठी आणि दुसरीत लहान. हा हलगर्जीपणा नाही. मोठ्या अक्षरांची फाइल पाकिटात बदल करणारी, लहान अक्षरांची फाइल पाकीट फक्त तपासणारी. ग्रेग ज्याला बाह्य रूप म्हणाले असते, त्यानेच येथे अर्थ वाहिला आहे. ही आज्ञावली साध्या विंडोज किंवा मॅक संगणकावर उतरवली की जोडीतली एक फाइल दुसरीवर बसते आणि एक नाहीशी होते.

डिसेंबर २०१४ मध्ये हा प्रश्न सोयीगैरसोयीपलीकडे गेला. ‘गिट’ ही आज्ञावल्यांच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली आपल्या खाजगी कप्प्याला टिंब लावून लहान अक्षरांत ‘गिट’ असेच नाव देते, आणि बाहेरून आलेल्या मजकुराला त्या कप्प्यात हात घालू देत नाही. पण बाहेरच्या मजकुराने तेच नाव मोठ्या अक्षरांत आणले तर? गिटच्या लेखी ते दुसरेच नाव, म्हणून जाऊ दिले. विंडोज आणि मॅकच्या लेखी तेच, म्हणून मजकूर खाजगी कप्प्यात पडला. तेथे पडलेल्या मजकुराकरवी परक्याला आपल्या संगणकावर हव्या त्या आज्ञा चालवता येत. मॅकवर आणखी एक चोरवाट होती. नावाच्या मध्ये शून्य रुंदीचे, न दिसणारे चिन्ह घातले तरी चाले, कारण मॅकची तेव्हाची फाइलपद्धती तुलना करताना अशी चिन्हे वगळत असे.

आमचे कान टवकारले ते या न दिसणाऱ्या चिन्हापाशी.

देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत. म्हणून हा सारा वाद आपला नव्हे असे वाटते. पण मराठी लिहिणाऱ्याला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द लिहावे लागतात. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. ‘आचार्यास’ दक्षिणा द्यायची आणि ‘आचाऱ्यास’ मजुरी. फरक एवढाच की पहिल्यात ‘र’चा रफार होऊन डोक्यावर बसतो, दुसऱ्यात तो पापणीसारखा आडवा राहतो. हा आडवा ‘र’ युनिकोडमध्ये लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एक, नुक्त्याचा जो स्वतंत्र ‘ऱ’ आहे त्याला हलन्त जोडायचा. दुसरी, साधा ‘र’, हलन्त आणि पुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह, जे डोळ्यांना दिसत नाही. काही टंकनसाधने पहिली रीत वापरतात, काही दुसरी. छापून आल्यावर दोन्ही एकच दिसतात.

आता फाइलपद्धती काय करतात ते पाहा. साध्या लिनक्सवर किंवा विंडोजवर दोन रीतींनी लिहिलेले ‘दऱ्या’ हे एकच नाव दोन फाइलींना देता येते. त्या एकाच सूचीत शेजारी शेजारी बसतात, अगदी एकसारख्या. आणि शोध घेतला तर एक सापडते, दुसरी नाही. जुन्या मॅकवर याच्या उलट. तेथे न दिसणारी चिन्हे वगळली जात. म्हणून दुसऱ्या रीतीने लिहिलेले ‘दऱ्या’ आणि रफाराचे ‘दर्या’ ही एकच फाइल ठरे. समुद्राची टिपणे आहेत तेथे डोंगराची ठेवू म्हटले तर आधीची काढू का, अशी विचारणा. याशिवाय मॅक पहिल्या रीतीचा ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि सुटा नुक्ता असा साठवत असे. फाइल दुसरीकडे नेली की तेच नाव तिसऱ्याच वर्णक्रमाने जाई. मराठी वाचकाला जे एक आहे ते दोन, आणि जे दोन आहेत ते एक.

हे सारे घडले ते मराठीचा विचार करून नव्हे, इंग्रजीच्या दोन पेट्यांचा विचार करताना. भेद मिटवायला बसलेल्या माणसाने क्षुल्लक वाटणारे सगळेच एकदम झाडून काढले.

२०१९ च्या जुलैमध्ये लिनक्सनेही आपली जुनी अलिप्तता थोडी सोडली. विंडोजसाठी लिहिलेले खेळ लिनक्सवर चालवणाऱ्यांना आणि अँड्रॉइडला भेद न मानणाऱ्या सूची हव्या होत्या. त्या वर्षीच्या ५.२ या आवृत्तीत अशी सोय आली. ती पूर्ण चकतीला नव्हे, तर रिकाम्या असलेल्या एकेका सूचीला लावता येते. विंडोजने त्याच्या आदल्याच वर्षी उलट दिशेची सोय केली होती: एखाद्या सूचीपुरता भेद मानण्याची. दोन्ही घरांनी एकमेकांसाठी एकेक खोली काढून दिली, हा तोडगा आम्हांला शहाणपणाचा वाटतो. पण लिनक्सच्या या खोलीतही न दिसणारी चिन्हे वगळण्याचा नियम होता, म्हणजे दर्या आणि दऱ्या यांचा घोळ तेथेही आला.

२०२४ मध्ये तो नियम काढणारा बदल लिनक्समध्ये घेतला गेला. घेतल्यावर लक्षात आले की सूचीतली नावे शोधण्यासाठी साठवलेले संक्षेपांक जुन्या नियमाने काढलेले आहेत. नियम बदलताच काही जुन्या फाइली सापडेनाशा झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये बदल मागे घेण्यात आला. एकदा साठवलेल्या नावांचे हे असेच असते; ज्या समजुतीने नोंद केली तीच समजूत पुढे वाहावी लागते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२५ मध्ये, नावांतला मोठ्या-लहानाचा भेद न मानणे ही मुळातच चूक आहे, असे पुन्हा एकदा तिखट शब्दांत सांगितले. न दिसणाऱ्या चिन्हांचा दोष दाखवताना त्यांनी उदाहरण घेतले ते हृदयाच्या चित्रचिन्हाचे. आमच्याकडे याहून चांगले उदाहरण होते, पण आम्हांला विचारले कोणी?

आता युनिक्सचे ते कोडगेपण आम्हांला पूर्वीइतके कोडगे वाटत नाही. ज्याला भाषा कळत नाही त्याने भाषेत ढवळाढवळ करू नये, एवढेच ते म्हणत होते. मात्र तेवढ्याने वापरणाऱ्याचे भागत नाही, हेही आमच्या रिकाम्या चौकटींनी दाखवून दिले आहे.

विभागात सध्या जुन्या वार्षिकांकांच्या प्रती फाइलींत उतरवण्याचे काम चालू आहे. इंग्रजी नावे सगळी लहान लिपीत आणि आडवा ‘र’ पहिल्या रीतीने, म्हणजे स्वतंत्र ‘ऱ’ची कळ दाबूनच, अशी सूचना भिंतीवर लावली आहे. गेल्या महिन्यात सूची तपासली तेव्हा ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ या नावाच्या दोन फाइली एकीखाली एक सापडल्या. दोन्ही उघडून पाहिल्या. एकीत लेखाची पाच पाने होती, दुसरीत त्याच लेखाचे शेवटचे पान, जे आम्ही हरवले असे समजत होतो.